प्रलयाचे तळघर आणि विनोदाचे मौन : ‘अनब्रेकेबल किमी श्मिट’मधील लिंगभाव

प्रलयवादी पंथाची कथा बहुधा भयकथा म्हणून सांगितली जाते. टीना फे आणि रॉबर्ट कार्लॉक यांची ‘अनब्रेकेबल किमी श्मिट’ (नेटफ्लिक्स, २०१५ ते २०१९) ही अमेरिकन मालिका तीच कथा विनोदाच्या अंगाने मांडते आणि भयकथा जेथे संपते तेथून, म्हणजे सुटकेपासून, आरंभ करते. रिचर्ड वेन गॅरी वेन या रेव्हरंडने इंडियाना राज्यातील एका तळघरात चार स्त्रियांना कोंडून ठेवलेले आहे. जग नष्ट झाले, असे त्यांना सांगण्यात आले आहे. शाळकरी वयात पळवून आणलेली किमी तेथून पंधरा वर्षांनी बाहेर पडते.

येथे प्रलय ही श्रद्धा नसून व्यवस्था आहे. बाहेर जगच उरले नसेल तर पळून जाणार कोठे? उरलेला एकमेव पुरुष मग आपोआप धर्म, कायदा आणि पती ठरतो. कशासाठी ते ठाऊक नसताना स्त्रिया एक दांडा अखंड फिरवत राहतात. त्यांच्या श्रमाचे याहून नेमके रूपक या मालिकेत दुसरे नाही. बाहेरचे जग तरी निराळे आहे काय? पहिल्या पर्वातील खटल्यात रेव्हरंड ज्यूरीलाही मोहात पाडतो. तिसऱ्या पर्वात (२०१७) एक सुशिक्षित स्त्री त्याच्याशी विवाह करण्यास उत्सुक असते आणि त्यासाठी किमीने घटस्फोटाच्या कागदांवर सही करावी, अशी तिची मागणी असते.

लैंगिक अत्याचार मात्र मालिका कधीच दाखवत नाही. किमी त्याचा ओझरता उल्लेख करते, इतकेच. दुसऱ्या पर्वात (२०१६) डाँगशी जवळीक साधताना तिचे शरीर नकळत त्याच्यावरच हल्ला करते, तेव्हा आलेले हसू घशातच अडकते. या मौनाला पलायन म्हणणे अन्यायाचे होईल. अत्याचाराचे चित्रण केले असते तर तिचे पुन्हा प्रदर्शनच झाले असते, आणि ते काम मालिकेतील वृत्तवाहिन्या करीतच आहेत. विवाहानंतर पत्नीला सोडून मिसिसिपीहून न्यूयॉर्कला आलेला समलिंगी टायटस हा तिचा सहनिवासी असणेही योगायोगाचे नाही. त्याचेही एक तळघर होते, फक्त त्याला दार दिसत नव्हते.

मालिकेची मर्यादा दिसते ती डोना मारियाच्या बाबतीत. गोऱ्या स्त्रिया सापडल्याची बातमी ठळक अक्षरांत आणि हिस्पॅनिक स्त्रीची बारीक अक्षरांत, हा पहिल्याच भागातील विनोद बोचरा आहे. परंतु पुढे स्वतः मालिकाही तिला बारीक अक्षरांतच ठेवते. डोना मारियाला इंग्रजी येत होते आणि ते तिने तळघरात लपवून ठेवले होते, हे उघड होते. त्या मौनामागे केवढा निर्धार असेल! मालिका त्यावर हसवते आणि पुन्हा किमीकडे वळते.