आकड्यांतील मौन

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग प्रभृतींचा गडचिरोली जिल्ह्यातील स्त्रीरोगांवरील शोधनिबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अहवाल वाचण्यातच नोकरी सरलेल्या आम्हांस तो आजही पुन्हा वाचावासा वाटतो. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांत जननेंद्रियांचा वा लैंगिक संसर्गाचा एक तरी विकार आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर हाच निबंधाचा गाभा होय.

सर्वच विकार संभोगातून संक्रमित होणारे नव्हते. घाईचा वाचक हे विसरतो आणि रोगनिदानाचे चारित्र्यनिदान करतो. आपली भाषाही त्यास साहाय्य करते. ‘गुप्तरोग’ म्हणताना रोग गुप्त नसतो. तो आपण गुप्त ठेवतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’मधून ही लाज झुगारली खरी, परंतु मासिक साक्षरांपुरतेच पोहोचणार. बंग दांपत्य गावातच गेले, हे त्यांचे वेगळेपण.

उणीव एकच जाणवते. आकड्यांत त्या स्त्रियांचा आवाज नाही. शास्त्रीय निबंधाची ती मर्यादाच आहे. तो आवाज ऐकविणे हे साहित्याचे काम. मात्र लेखकांस दोष देण्यापूर्वी आपणांसच विचारावे : असे पुस्तक आपण दिवाणखान्यातील कपाटात उघड ठेवू काय?