बातमीपत्रातील कर्त्याचा लोप : आकाशवाणीची सकाळ आणि प्रश्नाची अनुपस्थिती

मराठी समीक्षेने नभोवाणीचा विचार केला तो प्रामुख्याने नभोनाट्य, श्रुतिका आणि भाषणे यांच्या अनुषंगाने. सकाळचे बातमीपत्र वाङ्मयबाह्य मानले गेल्यामुळे तिच्या कक्षेत आले नाही. वस्तुतः रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या स्वरात आणि ठरावीक वाक्यबंधांत श्रोत्यांपर्यंत पोहोचणाऱ्या या संहितेचा प्रमाण मराठीच्या घडणीतील वाटा मोठा आहे. पुणे केंद्रावर सुधा नरवणे यांच्यासारख्या निवेदिकेचे नाव बातमीच्या आधी उच्चारले जाई. मात्र पुढील मजकुरात त्या नावाचे कोणतेही मत उमटत नसे. नाव असलेला, परंतु 'मी' नसलेला हा निवेदक कथनमीमांसेच्या दृष्टीनेही लक्षणीय ठरतो.

या संहितेत एका भाषिक कृतीला स्थान नाही, ती म्हणजे प्रश्न. बीबीसीचा 'टुडे' हा सकाळचा कार्यक्रम १९५७ साली हलक्याफुलक्या स्वरूपात सुरू झाला आणि कालांतराने बातमी व मुलाखत यांना एकाच प्रवाहात आणणारा प्रकार म्हणून स्थिरावला. मंत्र्याचे विधान सांगून झाल्यावर त्याच मंत्र्याला त्याविषयी विचारणे, हे त्याचे रचनासूत्र होय. आकाशवाणीच्या मराठी व्यवहारात हे दोन प्रकार परस्परांपासून विलग राहिले. बातमीपत्रात विधान असते, पण विचारणारा नसतो. मुलाखतीत विचारणारा असतो, पण त्याच्या समोर बहुधा लेखक, गायक, डॉक्टर किंवा कृषितज्ज्ञ असतो. 'मुलाखत' या शब्दाचा मूळ अर्थ भेट असा आहे आणि मराठी नभोवाणी या अर्थाशी एकनिष्ठ राहिली. पाहुण्याला अडचणीत न आणण्याचा यजमानाचा संकेत तिने पाळला.

यामागील कारणे अर्थातच संस्थात्मक आहेत. आकाशवाणीच्या १९६० च्या दशकातील प्रसारण-संहितेने मित्रराष्ट्रांवरील टीका, राजकीय पक्षावर नाव घेऊन केलेला हल्ला, तसेच केंद्र किंवा कोणत्याही राज्याविषयीची विरोधी भावनेची टीका वर्ज्य ठरवली. १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. तथापि खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी मिळाली नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्यापुरती मुभा दिली. परिणामी, नभोवाणीवरील बातमीचे व्याकरण एकाच संस्थेच्या हाती राहिले.

कलमांतील निर्बंध पुढे वाक्यरचनेतही मुरतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा संदर्भ येथे उद्बोधक ठरेल. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका-पातळी ४३ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. अशा प्रसंगी बातमीची भाषा 'विसर्ग वाढवण्यात आला', 'दरवाजे उघडण्यात आले' या साच्यांतून वाहते. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत आणि जलाशय भरताच ते आपोआप उघडतात. तेथे कर्ता न सांगणे वस्तुस्थितीला धरूनच आहे. सांगलीच्या दिशेने पाणी सोडणाऱ्या कोयना धरणाचे दरवाजे मात्र कोणाच्या तरी निर्णयाने उघडतात. अलमट्टीच्या विसर्गामागे तर दोन राज्यांच्या प्रशासनांतील संवाद किंवा विसंवाद असतो. '-ण्यात आले' ही रचना निसर्गक्रम, यंत्राचे कार्य आणि मानवी निर्णय यांना एकाच पातळीवर आणते. महापुरानंतर राज्य शासनाने वडनेरे समिती नेमली, याचा अर्थ विचारण्याजोगे काही निश्चित होते. बातमीपत्राच्या चौकटीत त्याला रूप मिळत नाही. शेजारच्या राज्याविषयीचा प्रश्न तर प्रसारण-संहितेतील निषिद्ध प्रदेशाच्या सीमेवरच येतो.

या कर्तृहीन भाषेचे मूल्य नाकारता येणार नाही. अफवांच्या काळात पाण्याची पातळी फूट-इंचांत सांगणारा निर्विकार आवाज विश्वासार्ह वाटतो, आणि त्या विश्वासार्हतेचा उगम निवेदकाच्या आत्मलोपातच आहे. दूरचित्रवाणीवरील चर्चांनी प्रश्नाला जागा दिली. परंतु तेथे कर्त्याचा शोध पुष्कळदा आरोपीच्या शोधात परिणत होतो. निर्णय कोणी, कोणत्या माहितीच्या आधारे आणि केव्हा घेतला, हे विचारणे म्हणजे शिक्षा सुनावणे नव्हे. प्रश्नाचा हा संयत स्वर मराठी प्रसारणात अभावानेच आढळतो.

तो मराठीला अपरिचित मात्र नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांत मंडळे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. बियाणे आणि खते यांविषयी विचारण्याचा अधिकार श्रोत्याला होता. प्रशासकीय निर्णयांविषयी विचारण्यापर्यंत या प्रारूपाचा विस्तार झाला नाही.

२०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली. या बातमीपत्राविषयीची आस्था त्यातून दिसून आली. त्या आस्थेला समीक्षेची जोड मिळावयास हवी. बातमीपत्रांच्या लिखित प्रती संहिता म्हणून वाचाव्यात आणि '-ण्यात आले' या रचनेपैकी कोणत्या वाक्यांत कर्ता खरोखरच नव्हता व कोणत्या वाक्यांत तो वगळला गेला, हे तपासावे. मराठी विभागांना हे काम सहज हाती घेता येईल. नदीकाठच्या श्रोत्याला पाणी किती चढले हे बातमीपत्राने आजवर सांगितले आहे. ते कोणाच्या निर्णयाने चढले, हे विचारणारे वाक्य घडवणे अद्याप बाकी आहे.