‘प्रकल्पग्रस्त’ : एका शब्दाची मर्यादा

११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामी यांच्या पाठोपाठ जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्रात जो अपघात घडला, त्याचा हिशेब पुष्कळदा किरणोत्साराने मेलेल्यांची संख्या सांगून पुरा केला जातो. असा पहिला मृत्यू जपान सरकारने २०१८ मध्ये मान्य केला; तो एका कामगाराचा होता. परंतु स्थलांतराची दगदग, खंडित उपचार व खचलेले मन यांनी ओढवलेले २,३०० हून अधिक मृत्यू फुकुशिमा प्रांताच्या दप्तरी नोंदले गेले आहेत. त्या प्रांतात भूकंपाने व लाटेने प्रत्यक्ष घेतलेल्या बळींपेक्षा ही संख्या मोठी आहे.

ती दप्तरात उतरली, याचे एक कारण भाषिक आहे. ‘कानरेन्शि’, म्हणजे आपत्तिसंबद्ध मृत्यू, ही संज्ञा १९९५ च्या कोबे येथील भूकंपानंतर तेथे रूढ झाली होती. शब्द आधीच सिद्ध होता, म्हणून हानी मोजता आली.

उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सरकारी आदेशाच्या सीमेबाहेरून भयाने घर सोडणाऱ्यांना ‘जिशु हिनान्शा’, अर्थात स्वेच्छेने स्थलांतर केलेले, असे नाव मिळाले. जेथे भीती होती तेथे या नावाने इच्छा कल्पिली. आणि मार्च २०१७ अखेर प्रांताने या लोकांचे मोफत घराचे साहाय्य थांबविले. तसेच मासळी व शेतमाल यांचा भाव पडला, त्यास ‘फूह्यो हिगाई’, म्हणजे वदंतीमुळे झालेली हानी, म्हटले गेले. या संज्ञेत दोष गिऱ्हाइकाच्या भयाकडे जातो. अपघात घडविणारा कर्ता वाक्यातून निसटतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. राजापूर तालुक्यातील माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल व वरीलवाडा येथील सुमारे ९३८ हेक्टर जमीन जैतापूर प्रकल्पाकरिता संपादन झाली. ९,९०० मेगावॅटचे हे केंद्र योजिलेले असले, तरी तेथे आजवर एकही अणुभट्टी उभी राहिलेली नाही. या व्यवहारातील प्रमुख शब्द ‘प्रकल्पग्रस्त’ होय. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्याच पंक्तीस प्रकल्पाला बसविणारा हा तत्पुरुष मराठीच्या सरळपणाची साक्ष देतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तथापि त्यात दोन उणिवा आहेत. एक, ‘ग्रस्त’ हे भूतकालवाचक धातुसाधित आहे. क्रिया संपली असे ते सुचविते, आणि अणु-अपघाताची हानी तर वर्षानुवर्षे चालू राहते. दुसरी, व्यवहारात हा शब्द सातबाऱ्याला जखडला गेला; समुद्राला सातबारा नसतो. साखरी नाटे येथील मच्छीमारांचा विरोध या दृष्टीने पाहिला पाहिजे. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मरण पावला. गेलेल्या जमिनीचा मोबदला ठरविता येतो. जाळ्यात आलेली मासळी कोणी घेईनासे झाले, तर त्या हानीस आपल्याकडे नाव कोणते? हापूसच्या बागाईतदारासही हाच प्रश्न पडेल.

शब्द घडविल्याने अपघात टळत नाहीत, हे उघड आहे. परंतु नुकसानीचा अर्ज शब्दांतच लिहावा लागतो, आणि ज्या हानीस नाव नाही तिच्यासाठी अर्जात रकाना नसतो. परिभाषा सिद्ध करणे हे कार्यालयांचेच काम मानून विद्यापीठीय भाषाभ्यासाने स्वस्थ बसणे म्हणूनच उचित नव्हे. किनाऱ्यावरील बोलींत हानी, भय व उपजीविका यांचे जे शब्द आहेत, त्यांचा संग्रह आपत्तीच्या आधी व्हावयास हवा. नंतर तो करणाऱ्यास तयार रकानेच हाती येतात.