ख्रिस्ती तारणकल्पना आणि तिचे मराठी शब्द : एक चिकित्सा

पाप आणि पापापासून मानवाची सुटका ही कल्पना ख्रिस्ती धर्मविचाराच्या केंद्रस्थानी आहे. आदामाच्या आज्ञाभंगाने देव व मनुष्य यांच्यातील संबंध तुटला आणि येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने तो पुन्हा जुळला, ही त्या विचाराची मूळ चौकट होय. या सुटकेसाठी मराठीत मोक्ष, मुक्ती, उद्धार, तारण, खंडणी असे अनेक शब्द योजले गेले. ते सरसकट एकमेकांचे पर्याय मानले जातात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक शब्द मनुष्य नेमका कशातून सुटतो, या प्रश्नाचे वेगळे उत्तर देतो.

नव्या करारातील ‘लुट्रॉन’ हा ग्रीक शब्द गुलामाला वा कैद्याला सोडविण्यासाठी भरावयाच्या मोलाचा वाचक आहे. त्यामागे हिब्रू परंपरेतील ‘गोएल’ उभा आहे. विकली गेलेली भावकीची जमीन परत विकत घेणारा, गुलामीत गेलेल्या आप्ताला सोडविणारा हा जवळचा नातलग. रूथच्या कथेतील बवाज हा त्याचाच नमुना. म्हणजे या कल्पनेत व्यवहार आहे, तसेच नातेही आहे. पुढे ऑरिजेनसारख्या आचार्यांनी हे मोल सैतानाला दिले गेले असे मानले. अ‍ॅन्सेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस ही उपपत्ती नाकारली. त्याच्या मते ऋण देवाचे आहे. ते फेडणे मनुष्याचे कर्तव्य आहे, पण सामर्थ्य केवळ देवापाशी आहे. म्हणूनच देवाला मनुष्य व्हावे लागले. आबेलार्डने हिशेबापेक्षा प्रेमावर भर दिला.

हा सारा विचार मराठीत प्रथम विस्ताराने आणला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जुन्या पुराणांना मुकलेल्या साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ते रचलेले होते. त्या पुराणांवर बंदी होती, हे ग्रंथाचा गौरव करताना विसरता येत नाही. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यातील ओव्यांचे कौतुक वारंवार झाले. त्या मानाने त्यातील धर्मविचाराची चिकित्सा कमी झाली. स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतात, ख्रिस्ताला मुक्तिदायक म्हणतात. परंतु ‘मुक्ती’ म्हटले की श्रोत्याच्या मनात जन्ममरणाचा फेरा उभा राहणार. ख्रिस्ती विचारात फेरा नाहीच. एक जन्म, एक मरण आणि मग न्याय. तेथे बंधन अज्ञानाचे नसून अपराधाचे आहे. ही विसंगती दूर होते ती कथेच्या रचनेमुळे. ग्रंथ ख्रिस्तजन्मापासून सुरू होत नाही. पहिले पुराण सृष्टी, आदामाचे पतन आणि जुन्या करारातील प्रतीक्षा यांना वाहिलेले आहे. दुसऱ्या पुराणात ख्रिस्त अवतरतो तोवर श्रोत्याला ऋण किती व कोणाचे, हे कळून चुकलेले असते. शब्द जुना राहतो आणि कथा त्याचा अर्थ बदलू पाहते. ती त्यात पूर्ण यशस्वी होते असे मात्र म्हणवत नाही. ‘वैकुंठ’ शब्दातील विष्णू कोणत्याही कथेने जाणारा नाही.

पंडिता रमाबाईंनी नेमका उलट मार्ग पत्करला. त्यांनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, ही जाणीव त्यांना पुढे अनेक वर्षांनी झाली. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी ती नोंदविली आहे. धर्मांतर आणि तारण यांत इतके अंतर पडू शकते, हे ज्याने अनुभवले त्याला शब्द हा गौण विषय वाटणे शक्य नव्हते. बायबलचे मराठी भाषांतर करताना हिंदू धर्मसंकेत वाहणारे शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह यादृष्टीने पाहावा लागेल. त्याच काळात ना. वा. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त माउली आणि गुरू झाला. मराठी कानाला ती भाषा सर्वांत जवळची. परंतु आईकडून ऋण फेडून घेण्याची कल्पनाच संभवत नसल्याने तेथे मोलाचा विचार मागे सरतो आणि आबेलार्डची बाजू नकळत वरचढ ठरते.

आज रूढ असलेला ‘तारण’ शब्द या संदर्भात लक्षणीय आहे. तो बुडत्याला पार नेण्याचा अर्थ देतो आणि सावकारी व्यवहारात कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूलाही तोच शब्द आहे. हा योगायोग अ‍ॅन्सेल्मला आवडला असता! ‘खंडणी’ मूळ अर्थाला अधिक जवळ आहे, मराठी बायबलमध्ये ती आहेही. पण स्वाऱ्यांच्या इतिहासाने आणि नंतर वर्तमानपत्रांतील गुन्हेवार्तांनी तिच्यावर जबरदस्तीचा असा ठसा उमटविला आहे, की स्वेच्छेने दिलेले मोल तिच्यातून ऐकू येत नाही. राहतो तो ‘सोडवणूक’ हा साधा शब्द. गहाण पडलेले शेत सोडवितात आणि अडकलेले माणूसही सोडवितात. गोएलचे काम एवढेच होते. धर्मग्रंथाच्या भारदस्तपणाला तो उणा वाटला असावा. बवाजाच्या शेतावर मात्र तो शोभला असता.