‘कासा’ : झाकण्याचा कर्ता

हिब्रू बायबलमधील ‘कासा’ या क्रियापदाचा ‘झाकणे’ हा कोशगत अर्थ निर्विवाद आहे. समुद्राचे पाणी फारोच्या सैन्याला झाकते (निर्गम १४:२८). शेम आणि याफेथ पित्याची नग्नता झाकतात (उत्पत्ति ९:२३). भावाला मारून त्याचे रक्त झाकण्यात लाभ कोणता, असे यहूदा विचारतो (उत्पत्ति ३७:२६). संहार, मर्यादा आणि गुन्हा या तिन्हींना एकच क्रियापद पुरते. याचा अर्थ, नैतिक मूल्य धातूत नाही. धर्मविधानाचा वाहक सुटा शब्द नसून वाक्य व त्याहून मोठी साहित्यरचना असते, हे जेम्स बार यांनी १९६१ साली मांडलेले मत येथे मोलाचे ठरते.

स्तोत्र ३२ हे याचे लक्षणीय उदाहरण होय. ज्याचे पाप झाकलेले आहे तो धन्य, असे पहिले वचन म्हणते. आपण अपराध झाकला नाही, असे पाचव्यात निवेदक सांगतो. वरवर दिसणाऱ्या या विसंगतीचा उलगडा व्याकरणात आहे. पहिले रूप कर्मणी असून त्याचा कर्ता अनुच्चारित आहे. दुसरे प्रथमपुरुषी, कर्तरी आणि नकारयुक्त आहे. पहिल्या वचनात ‘कासा’च्या जोडीला ‘नासा’ (उचलणे, क्षमा करणे) हे क्रियापदही कर्मणीच येते. पाचव्या वचनात ‘नासा’ परतते, तेव्हा ईश्वर हा त्याचा कर्ता स्पष्ट होतो. समांतर रचनेमुळे ‘कासा’चाही अध्याहृत कर्ता तेथेच सूचित होतो. माणूस झाकणे सोडतो, तेव्हा त्याचे पाप झाकले जाते. सातव्या वचनात तर ईश्वर स्वतःच आडोसा (‘सेतेर’) होतो.

मराठी भाषांतरकाराची कसोटी येथेच लागते. पहिल्या ठिकाणी ‘क्षमा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘लपविणे’ योजल्यास आशय सुबोध होतो, परंतु दोन वचनांना जोडणारा सांधा निखळतो. ‘पांघरूण घालणे’ या वाक्प्रचारात ऊब असली तरी दोषारोपही आहे. स्वतःचे अपराध झाकणाऱ्याला (नीतिसूत्रे २८:१३) तो शोभेल. सर्व अपराध झाकणाऱ्या प्रीतीवर (१०:१२) मात्र अन्याय करील. ‘झाकणे’ हा साधा शब्द दोन्ही अर्थ पेलतो. अर्थ आधीच निवडून देणारे भाषांतर कर्त्याचा शोध वाचकाकडून काढून घेते. आणि हा शोध हेच या स्तोत्राचे काव्य आहे.