मगातला फेस आणि वाटीतलं पाणी

परदेशातल्या मराठी लेखनात काही वस्तू पुन्हा पुन्हा भेटतात. पाटा-वरवंटा, अडकित्ता, आजीचा पितळी डबा. अलीकडे या यादीत वडिलांचा दाढीचा मगही आला आहे. कान तुटलेला कप, तळाशी साबणाची चकती, ओल्या ब्रशचा खळखळ आवाज, आणि शेवटी 'आता डब्यातून फसफसणाऱ्या फेसात ती मजा नाही' हा उसासा. त्याच्याच जोडीला एक नवा शौकही आला आहे. हाताने घडवलेले, आतून कंगोरे असलेले मातीचे बोल, बिज्जूच्या केसांचे ब्रश आणि 'पारंपरिक' दाढीचा साबण. आपल्यातले बरेच जण आता रविवारी सकाळी हा सोहळा करतात. मीही करतो. त्यामुळे ही टीका घरातलीच आहे असं समजावं.

प्रश्न दोन आहेत. हत्यार म्हणून मग किंवा वाटी कितपत उपयोगी? आणि ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती नेमकी कुणाची?

आधी हत्याराकडे पाहू. दाढीचा फेस म्हणजे साबण, पाणी आणि हवा. तिन्हींचं प्रमाण जुळावं लागतं. अंगाच्या साबणाचे बुडबुडे मोठे येतात आणि लवकर फुटतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि ते सोडियमसोबत पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपातही असतं, म्हणून फेस बारीक, दाट आणि टिकाऊ होतो. हा फेस करण्यात दोन वेगळी कामं आहेत: ब्रशवर साबण घेणं, आणि त्या साबणात थेंबाथेंबाने पाणी घालून तो घोटणं. मग आणि वाटी यांच्यातला बराचसा वाद ही दोन कामं एकच मानल्यामुळे होतो.

चकती तळाशी ठेवलेला मग पहिल्या कामासाठी आहे. तो साबणाचं घर आहे. त्यातच फेसही करायला गेलं की ब्रश सतत साबणावर फिरतो, साबण वाढत जातो, पाणी मात्र तेवढंच राहतं. मग जो चिकट, जड लेप होतो त्याला आपण 'दाट फेस' म्हणून नावाजतो, आणि ब्लेड अडलं की दोष ब्लेडला देतो. शिवाय चकती दिवसभर ओलसर राहून खालून लिबलिबीत होते. मगाच्या बाजूने बोलायचं तर त्याला कान असतो, चिनी माती ऊब धरते, आणि उंच कडांमुळे शिंतोडे उडत नाहीत.

रिकामी, पसरट वाटी दुसऱ्या कामासाठी. तिच्यात ब्रशचे केस मोकळे पसरतात आणि हवा मिसळते. साबण बाहेर राहतो, म्हणून पाण्याचा हिशेब आपल्या हातात असतो. ब्रश झटकून चकतीवर अर्धा मिनिट फिरवावा, मग वाटीत घोटावा. बुडबुडे दिसेनासे झाले, फेसाला दह्याच्या वरच्या थरासारखी चमक आली, की थांबावं. यासाठी स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी पुरते, फक्त ती हातातून निसटते आणि लवकर गार होते. पितळी वाटीचं कौतुक करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कल्हई नसलेल्या पितळेत ओला साबण राहिला की तांब्याचा आणि साबणातल्या मेदाम्लांचा संयोग होऊन हिरवट राप चढतो. वाटी लगेच धुऊन पुसावी लागते. आणि तिसरा पर्याय म्हणजे काहीच न वापरता सरळ गालावर फेस करणं. तोही उत्तम आहे. वाटीचा खरा फायदा इतकाच की दुसऱ्या हातासाठी फेस शिल्लक राहतो.

कुवेतमध्ये हा फायदा मोठा ठरतो. वातानुकूलित घरातल्या कोरड्या हवेत गालावरचा फेस पाहता पाहता सुकतो. पाणी मात्र इथे साबणाला अनुकूल आहे. माझं कामच पाण्याशी आणि त्यातल्या क्षारांशी संबंधित असल्यामुळे हे सांगायचा मोह आवरत नाही. मराठवाड्यातल्या अनेक बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा न विरघळणारा चोथा करतात. कुवेतमध्ये एके काळी पिण्याचं पाणी शत्त-अल-अरबमधून गलबतांनी यायचं. १९५३ पासून समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातनाने गोडं करणं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. नळाला येतं ते हेच पाणी, चवीपुरतं थोडं खारं भूजल मिसळलेलं. त्यामुळे कमी साबणात जास्त फेस येतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की 'थंड' नळालाच दाढीचं कढत पाणी येतं, वाटी वेगळी गरम करायची गरज उरत नाही. भारतातून मोजून आणलेलं साबण-पाण्याचं प्रमाण इथे चुकतं, ते यामुळे. थोडक्यात, चांगल्या फेसाचं श्रेय महागड्या बोलपेक्षा पाण्याला जास्त आहे.

आता परंपरेकडे वळू. महाराष्ट्रातल्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नऱ्हाणी, चिमटा, आरसा आणि एक छोटी वाटी असायची. ही वाटी फेसाची नव्हती, पाण्याची होती. बोटं पाण्यात बुडवून दाढी चोळून चोळून मऊ करायची, मग वस्तरा. सेना न्हाव्यांच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगात हीच अवजारं अध्यात्माची रूपकं होतात. आरसा, चिमटा, पाणी, सगळं तिथे आहे. साबण नाही. म्हणजे 'आपल्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली फेसाची वाटी' हे वाक्य पणजोबांच्या बाबतीत तरी बहुतेक वेळा खोटं ठरेल.

मगाचं मूळ दुसरीकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या न्हाव्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकांचे स्वतःचे मग फळीवर मांडलेले असत. त्यावर सोनेरी अक्षरांत नाव, आणि अनेकदा धंद्याचं चित्र. फळीवर आपला मग असणं ही प्रतिष्ठा होती. पुढे जिलेटला १९०४ मध्ये सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं, पुरुष घरीच दाढी करू लागले, आणि मग दुकानाच्या फळीवरून न्हाणीघरातल्या कोनाड्यात आला. आपल्या मध्यमवर्गीय घरातला कान तुटलेला कप या साखळीतला आहे. त्याची कथा परंपरेची नसून परंपरा मोडल्याची आहे. दारी येणाऱ्या न्हाव्याची गरज संपली, तेव्हा तो कप घरात आला.

आणि ती परंपरा मोडली याचं सरसकट दुःख करावं अशी ती होती का? डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याच्या दिवसांबद्दल सांगितलं आहे. गावात न्हावी पुष्कळ होते, पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या केसांना कुणी हात लावत नसे. म्हणून घरच्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची. धोकटीतली ती वाटी कुणासाठी भरली जाईल आणि कुणासाठी नाही, हे जात ठरवत होती. उलट बाजूने, न्हाव्यालाही नकाराचा हक्क नव्हता. बलुतेदार म्हणून त्याला बोलावणं आलं की जावं लागे, ब्राह्मण विधवांचं केशवपन करायलासुद्धा. म्हणूनच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, ही आपल्या सामाजिक इतिहासातली फार मोठी घटना आहे. दाढीच्या सामानावर एवढं हळवं लिहिताना तिचा उल्लेख क्वचितच येतो.

सर्व्हान्तिसच्या डॉन किहोटेने एका न्हाव्याचं पितळी भांडं पाहिलं आणि ते मांब्रिनोचं सोनेरी शिरस्त्राण आहे अशी स्वतःची खात्री करून घेतली. आपल्या स्मरणरंजनाचीही तीच रीत आहे. भांडं डोक्यावर चढतं, न्हावी चित्रातून पळून गेलेला असतो.

तो न्हावी कुवेतमध्ये मात्र रोज दिसतो. सालमिया, फरवानिया, अब्बासियातल्या सलूनमध्ये गुरुवारी संध्याकाळी बाकावर जागा नसते. खुर्चीमागे उभा असलेला माणूस उत्तर प्रदेशचा, बांगलादेशचा किंवा पाकिस्तानचा असतो. त्याचा इकामा बहुधा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. मी जातो तिथे तो ट्यूबमधली क्रीम सरळ गालावर लावतो, आणि शेजारच्या प्लास्टिकच्या वाटीतल्या पाण्यात ब्रश बुडवून गालावरच फेस करतो. वाटीत पुन्हा फक्त पाणी! धोकटीतल्या वाटीशी नातं सांगायचंच तर ते या रंग उडालेल्या प्लास्टिकच्या वाटीला सांगता येईल. आपल्या कंगोऱ्यांच्या मातीच्या बोलला नाही.

या हाताची किंमत २०२० मध्ये काही काळ सगळ्यांना कळली. महाराष्ट्रात तीन महिन्यांच्या टाळेबंदीनंतर २८ जूनपासून सलून उघडली, पण परवानगी केस कापण्याची होती, दाढीची नव्हती. कारण दाढी करणारा माणूस आपल्या श्वासाच्या अंतरावर असतो. घरी मग असलेल्यांना त्याने काही फरक पडला नाही. ज्यांचं पोट दुसऱ्याच्या गालावरच्या फेसावर चालतं, त्यांना पडला.

मग रविवारचा सोहळा सोडून द्यावा का? मुळीच नाही. स्वतःच्या हाताने काहीतरी नीट करण्यात आनंद आहे, आणि परदेशातल्या एकट्या सकाळी तो आनंद कमी मोलाचा नाही. बोल घ्यायचा तर पसरट, हातात बसणारा घ्या. साबण त्यात ठेवू नका. पाणी थेंबाथेंबाने घाला. ब्रश झटकून उभा किंवा उलटा टांगून वाळवा. पण त्यावर लेख लिहायला बसाल तेव्हा 'परंपरा' हा शब्द जरा जपून वापरा. वडिलांचा मग ही स्वावलंबनाची आठवण आहे, आणि ती तशीच सांगितली तरी पुरेशी सुंदर आहे. तिच्यावर शतकांचा मुलामा चढवला की त्याखाली दोन माणसं झाकली जातात: एक, ज्याच्यासाठी वाटी कधी भरलीच गेली नाही, आणि दुसरा, ज्याला ती भरायला नाही म्हणता येत नव्हतं.