केकवरील फुले आणि आपली रंगदृष्टी

वाढदिवसाचा केक आता हरमलसारख्या गावातही, तुळशीवृंदावन असलेल्या घरांत रुळला आहे. त्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. परीक्षण करावयाचे ते त्याच्यावर लोणी-साखरेच्या आयसिंगने काढलेल्या फुलांचे. कारण देवळाच्या पायरीवर वाढलेल्या समाजाला फुलाची पारख असते, आणि केकवरच्या फुलांचा रंग बहुधा फुलाचा नसतोच. तांबडाभडक गुलाब, हिरवीगार पाने, निळी किनार. सारे बाटलीतून निघाले तसेच उतरलेले असते.

कारागिराचा हात पुष्कळदा सफाईदार असतो. दोष मिश्रणाचा आहे. निसर्गात निर्भेळ रंग विरळाच. पानांसाठी घोटलेल्या हिरव्यात तांबड्याचा एक थेंब पडला की त्याचा कच्चेपणा मोडतो आणि ते विड्याच्या पानाच्या जवळ येते. लोणी मुळात पिवळसर. त्यात निळा घालावा तर तो हिरव्याकडे झुकतो. तांबडा रंग घोटल्यानंतर काही तास गडद होत जातो, म्हणून जाणता कारागीर इच्छित छटेच्या एक पायरी अलीकडेच थांबतो. ही विद्या आपल्याला परकी नव्हे. हळदीला चुना लागला की लाली चढते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

अबोलीचेच उदाहरण घ्यावे. जत्रेच्या दिवशी देवळाबाहेर तिचे वळेसर मांडलेले असतात. तिचा रंग धड नारिंगी नाही, धड गुलाबीही नाही. भरपूर पांढऱ्या आयसिंगमध्ये किंचित नारिंगी, त्याहून किंचित गुलाबी आणि पाकळीच्या तळाशी पिवळसर छटा, एवढ्याने ती साधते. निळ्याला बाधणारा लोण्याचा पिवळेपणा येथे उलट उपकारक ठरतो. तरीही केकवर अबोली क्वचितच दिसते, कारण पुस्तकातल्या नमुन्यांत गुलाब असतो. हे अनुकरण फुलाचे न राहता नमुन्याचे झाले.

प्रश्न केवळ सौंदर्याचा असता तर तो रुचिभेदावर सोडता आला असता. पण हा रंग पोटात जातो, आणि तोही बहुधा मुलांच्या. म्हणून कायद्याने येथे लक्ष घातले आहे. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना मुभा आहे, तीही प्रमाणाच्या बंधनासह. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ साली तपासलेल्या केकच्या २३५ नमुन्यांपैकी १२ असुरक्षित ठरले; त्यांत ‘रेड वेल्व्हेट’ आणि ‘ब्लॅक फॉरेस्ट’ या भडक-गडद प्रकारांचा विशेष उल्लेख झाला. कायदा वरची मर्यादा सांगतो; तिच्या किती खाली थांबावे हे सांगणे अभिरुचीचे काम. फिकट अबोली काढणाऱ्याला रंग मुळातच कमी लागतो. येथे सुरुची आणि आरोग्य एकाच बाजूला उभी आहेत.

देवाला वाहावयाचे फूल आपण निरखून घेतो. तीच नजर मुलाच्या ताटात पडणाऱ्या फुलाकडे वळली, आणि केक सांगताना गिऱ्हाइकाने ‘रंग गडद नको’ एवढे बजावले, तरी कारागिराचा हात सुधारावयास वेळ लागणार नाही.